एका अक्षराचा पाठभेद

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने जनुकांवर लेख लिहावा, हा कोणाला आगाऊपणा वाटेल. पण गेल्या वर्षी आरोग्य तपासणीत माझ्या बोटातून रक्त घेतले, पुढे सविस्तर तपासणी झाली आणि हाती कार्ड आले. त्यावर दोन अक्षरे होती : 'ए-एस'. म्हणजे मी सिकलसेलची वाहक. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेले नाही. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर कामाला. आईने एवढेच विचारले, "रक्त खराब आहे का गो तुझं?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता हा लेख झाला.

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींत एक लांबच लांब मजकूर असतो. त्याची लिपी चारच अक्षरांची : ए, टी, जी, सी. हा सगळा मजकूर म्हणजे जीनोम. आईकडून एक प्रत येते, वडिलांकडून एक. एका प्रतीत सुमारे ३०० कोटी अक्षरे! सेकंदाला एक या वेगाने अहोरात्र वाचले तरी पंचाण्णव वर्षे लागतील. यातला जो उतारा एखादे प्रथिन कसे घडवायचे ते सांगतो, त्याला जनुक म्हणतात. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दामागे प्रथिनाच्या माळेतला एक मणी.

हिमोग्लोबिनच्या एका माळेचा उतारा अकराव्या गुणसूत्रावर आहे. तो सर्वांना खुला आहे. पालघरहून बोईसरला जाताना गाडीत मी तो मोबाइलवर उघडला. उमरोळी येईपर्यंत नेमकी जागा सापडली : सी-सी-टी, जी-ए-जी, जी-ए-जी. माझ्या दोन प्रतींपैकी एकीत तेथे सी-सी-टी, जी-टी-जी, जी-ए-जी असे आहे. एका 'ए'च्या जागी 'टी'. एवढेच. त्यामुळे मणी कोणता बदलतो, ते व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ साली दाखवले.

दोन्ही प्रतींत हा बदल असला, तर प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि गोल तांबडी पेशी भात कापायच्या विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. माझा आतेभाऊ थंडीत हातपाय धरून रात्र रात्र ओरडायचा, त्याचे कारण हे. आम्ही कित्येक वर्षे त्याला वात समजत होतो.

३०० कोटी अक्षरांत एवढासा फरक शोधायचा कसा? येथे संगणक आणि जैवमाहितीशास्त्र येते. (माझ्या रक्ताची तपासणी मात्र साधी, तीत हिमोग्लोबिनचा प्रकार तेवढा पाहतात.) काम आपल्या ओळखीचे आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे मराठीच्या तासाला आपण शिकतो. पोथ्या शेजारी ठेवायच्या, ओळीला ओळ लावायची, पाठ कोठे बदलतो ते टिपायचे. संगणक तेच करतो.

पण कोणाची प्रत प्रमाण मानायची? मानवी जीनोम प्रकल्प २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्यातल्या संदर्भप्रतीचा बराच मोठा भाग अमेरिकेतील एकाच माणसाचा आहे. त्याची ती शुद्ध आणि माझी अशुद्ध, असे कसे म्हणावे? दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. त्यात आदिवासी समाजही आहेत, हे वाचून बरे वाटले.

शिवाय हा 'टी' निव्वळ चूक नव्हे. ज्याच्या एकाच प्रतीत तो असतो, त्याला लहानपणी जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हिवतापाच्या मुलखात तो पिढ्यान्पिढ्या टिकला तो म्हणूनच. मी त्याला पाठभेद म्हणते.

मात्र नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेस मूल आजारी निघण्याचा संभव चारात एक. मला मागणी आली, तेव्हा मुलाची तपासणी झाली आहे का, असे मी विचारले. ती माणसे परत आली नाहीत. घरात दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी आईला कागदावर दोन्ही ओळी एकाखाली एक काढून दाखवल्या. तिला वाचता येत नाही, पण वेगळे अक्षर तिने बोट ठेवून बरोबर दाखवले. मग म्हणाली, "हे माझ्याकडून आलं की तुझ्या बापाकडून?"

येत्या सोमवारी वडील खाडा करणार आहेत. धाकट्या भावासह आम्ही चौघेही ग्रामीण रुग्णालयात जाणार आहोत.