गावाचा शिक्का

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कामासाठी मला गावातल्या वडिलोपार्जित घराचा नमुना आठचा उतारा हवा होता. ग्रामपंचायतीत गेलो, उतारा मिळाला, सही झाली, खाली निळ्या शाईचा गोल शिक्का उमटला. तो कागद घेऊन ज्या कार्यालयात गेलो तिथल्या साहेबांनी तो उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, ‘‘गावाचं नाव लागत नाही. शिक्का नीट मारून आणा.’’ खरंच लागत नव्हतं. रबर झिजलेलं, शाई पसरलेली, आणि नावातला एक काना तर शिक्का बनवणाऱ्यानंच खाल्लेला. पुन्हा एसटी, पुन्हा गाव. त्या प्रवासात मनात आलं, माझ्या गावाची सरकारदरबारची सगळी ओळख एवढ्याशा वर्तुळात, आणि ती वाचताही येऊ नये?

हा शिक्का काही कारकुनी सोय म्हणून आलेला नाही, मंडळी. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात लिहिलंय, की प्रत्येक पंचायत ही अखंड परंपरा आणि सामाईक शिक्का असलेली संस्था असेल. म्हणजे सरपंच बदलतील, सदस्य जातील-येतील, गाव मात्र कायम राहील आणि त्याच्या वतीनं शिक्का बोलेल. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातही हेच शब्द आहेत. कायद्यानं प्रत्येक गावाला शिक्का दिला. त्या शिक्क्यात काय असावं, हा विचार मात्र आपण फारसा केला नाही. नाव, तालुका, जिल्हा, संपलं.

हाच विचार ज्यांनी फार केला, असा देश म्हणजे जर्मनी. तिथं आजही दहा हजारांहून जास्त नगरपालिका आणि गावपंचायती आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं, अगदी हजार-पाचशे वस्तीच्या खेड्याचंही, स्वतःचं मानचिन्ह असतं. एक ढाल आणि ढालीवर चित्र. त्या ढालीतलेच दोन-तीन रंग घेऊन गावाचा झेंडा होतो. ही ढाल गावाच्या वेशीपासून अग्निशमन दलाच्या गाडीपर्यंत सगळीकडे दिसते.

ढाल का, तर याचं मूळ लढाईत आहे. बाराव्या शतकात युरोपातले सरदार डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात झाकले जाऊ लागले. आपला कोण, परका कोण, हे कळेना. म्हणून ढालीवर खूण आली. पुढं शहरांनी आपल्या मोहरांवर अशा खुणा घेतल्या. खेड्यांपर्यंत ही चाल पोचायला मात्र फार वेळ लागला. पाहायला गेलं तर पाचशे वर्षांपूर्वीचं वाटावं असं कितीतरी खेड्यांचं चिन्ह विसाव्या शतकात, म्हणजे आपल्या आजोबा-वडिलांच्या हयातीत तयार झालेलं आहे. जुनं दिसणं वेगळं आणि जुनं असणं वेगळं!

याचे नियम मोठे मजेदार आहेत. पिवळा आणि पांढरा हे ‘धातू’ मानायचे, सोनं आणि चांदी. तांबडा, निळा, हिरवा, काळा हे ‘रंग’. रंगावर रंग चढवायचा नाही, धातूवर धातू ठेवायचा नाही. हिरव्यावर पिवळं कणीस चालेल, निळ्यावर काळा पक्षी चालणार नाही. कारण साधं आहे, लांबून दिसलं पाहिजे. आपल्याकडच्या नंबरप्लेटा रंगवणाऱ्यांना हा नियम कोणीतरी सांगायला हवा.

आणि माझ्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्याला भुरळ पडावी अशी दुसरी गोष्ट. तिथं चित्र पक्कं नसतं, वर्णन पक्कं असतं. ‘हिरव्या ढालीत चांदीची नागमोडी पट्टी, वर सोन्याचं गिरणीचं चाक’, एवढं मंजूर होतं. ते वाचून दहा चित्रकार दहा चाकं काढतील, दहाही बरोबर. नागमोडी पट्टी म्हणजे नदी. चाकाला खिळे असले तर ती संत कॅथरिन, लोखंडी जाळी असली तर संत लॉरेन्स. वर्णन आधी तपासलं जातं, शेजारच्या गावाशी सारखं नाही ना, इतिहासाला धरून आहे ना. काही चिन्हं तर सरळ गावाच्या नावावर कोटी करतात. बव्हेरियातल्या ओक्सेनफुर्ट गावाच्या नावात बैल आहे, म्हणून ढालीवर बैल. म्युनिक म्हणजे साधूंचं ठिकाण, म्हणून तिथं साधू. ज्याला वाचता येत नाही त्यालाही गावाचं नाव वाचता यावं, अशी ही युक्ती.

पण हे सगळं गोडगोड नाही. बव्हेरियाच्या उत्तरेला कोबुर्ग नावाचं शहर आहे. त्याच्या चिन्हात कित्येक शतकांपासून संत मॉरिशस यांचं मस्तक आहे. हे संत आफ्रिकेतले, वर्णानं काळे दाखवलेले. 1934 साली नाझींनी ते मस्तक काढून टाकलं. गोऱ्यांच्या शहराच्या कपाळावर काळा माणूस कसा? त्याजागी तलवार आली आणि तलवारीच्या मुठीवर स्वस्तिक. 1945 साली नाझी गेले आणि संत परत आले. पुढं 2020 साली पुन्हा वाद झाला, या वेळी उलट बाजूनं. संतांचं चित्र जाड ओठांचं, कानात बाळी घातलेलं असं का, हा काळ्या माणसांचा अपमान नव्हे का, असं काहींनी विचारलं. शहराला आपली खूण सांभाळावीही लागते आणि तिचं उत्तरही द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याला जास्त जवळची. 1970 च्या आसपास पश्चिम जर्मनीत लहान गावं एकमेकांत मिसळवण्यात आली. चोवीस हजारांच्या घरात असलेल्या गावपंचायती साडेआठ हजारांवर आल्या. हजारो गावांचा कारभार संपला. चिन्हं मात्र लोकांनी सोडली नाहीत. कारभार शेजारच्या गावात गेला तरी ढाल गावच्या मंडळाच्या फलकावर राहिली.

आम्हा वाशीमकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. वाशीम हा इंग्रजांच्या काळात जिल्हा होता. 1905 साली तो मोडून अकोल्यात घातला आणि 1 जुलै 1998 ला परत मिळाला. मधली 93 वर्षं कोणता झेंडा, कोणती खूण आम्ही जपली? आठवणीशिवाय काही नाही.

झेंडे मात्र आमच्यावर बरेच फडकले. वऱ्हाड मूळ निजामाचं, 1853 पासून कारभार इंग्रजांकडे. मालक एक आणि कारभारी दुसरा, अशी ही अजब व्यवस्था. 1936 च्या करारात निजामाला एक मान मिळाला, वऱ्हाडात इंग्रजी निशाणाबरोबर त्याचंही निशाण लागावं. हे निशाण पिवळं आणि त्याच्या मधोमध एक गोल. तो गोल म्हणजे कुलचा, गोल रोटी! आख्यायिका अशी, की घराण्याच्या मूळपुरुषाला एका सुफी संतानं कुलचे खाऊ घातले, त्यानं सात खाल्ले, आणि संतानं सांगितलं, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. माझे आजोबा त्याला ‘रोटीवाला झेंडा’ म्हणत आणि पुढं म्हणत, ‘‘झेंड्यावर होती, ताटात नव्हती.’’

आपल्याकडं खुणांची परंपरा नाही असं मुळीच नाही. बदामीच्या चालुक्यांच्या मोहरेवर वराह, राष्ट्रकूटांच्या मोहरेवर गरुड. शिवरायांची अष्टकोनी राजमुद्रा तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. वडील शहाजीराजांची मुद्रा फारसीत होती, मुलानं संस्कृत निवडली आणि राज्य प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखं वाढत जावं अशी कल्पना तीत घातली. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेत आज तीच कोर, तेच शब्द थोडे बदलून आहेत. रमजान संपताना छतावर उभा राहून कोवळी कोर शोधणाऱ्या माझ्यासारख्याला ही उपमा फार जवळची वाटते. दिसली न दिसली अशी असते, पण वाढणार हे नक्की असतं.

मोठ्या शहरांनीही चिन्हं घेतली. मुंबईचं इंग्रजी अमदानीतलं ब्रीद लॅटिन होतं, ‘ऊर्ब्स प्रिमा इन इंडिस’, म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं शहर. आजच्या महापालिकेचं ब्रीद महाभारतातलं, धर्म तिथं जय या अर्थाचं. पिंपरी-चिंचवडचं ‘कटिबद्ध जनहिताय’. राहिली ती खेडी. त्यांना राष्ट्राचे सिंह वापरता येत नाहीत, त्याला कायदा आड येतो, आणि ते योग्यच आहे.

मग आमच्या गावांनी काय घ्यावं? हा खेळ मी एसटीत बसून बराच खेळलो. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथं सापडलेल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटात प्राकृत भाषा आहे, तेव्हा वाशीमच्या ढालीत ताम्रपट हवा. कारंजाच्या सावकारानं उंटांवरून आलेली कस्तुरी घराच्या चुन्यात कालवली, अशी दंतकथा आहे. कारंजाला उंट! पोहरादेवीला नंगारा, दुसरं काही शोभणारच नाही. त्याच आकाराच्या वारसा संग्रहालयाचं 2024 साली तिथं उद्‌घाटन झालं. उंबर्डा बाजारला उंबराचं पान आणि जांभरुणला जांभूळ, जर्मन पद्धतीनं नावावर कोटी करून. पैनगंगेच्या काठच्या गावांना ती नागमोडी पट्टी फुकट.

अडचण रंगांची आहे. आपल्याकडं रंग आधीच वाटून घेतलेले आहेत. भगवा एकाचा, हिरवा दुसऱ्याचा, निळा तिसऱ्याचा, पोहरादेवीकडचा पांढरा सेवालाल महाराजांचा. उन्हाळ्यात उघडं पडलेलं शेत आणि पावसाळ्यात तूर-सोयाबीननं भरलेलं शेत, हे दोन रंग सगळ्यांचे आहेत. पण ढालीवर आले की त्यांचाही कोणी मालक निघेल. आणि ज्या गावाच्या पंचायतीत दोन-तीन वाड्या-तांडे आहेत, तिथला शिक्का आजही एकाच गावाच्या नावाचा असतो. तांड्यावरचा माणूस आयुष्यभर दुसऱ्या गावाच्या वर्तुळात उमटतो.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी सरपंच ताईंकडे गेलो. नवा शिक्का करतच आहात तर मध्ये काहीतरी काढा, म्हटलं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, ‘‘चाचा, काढाचं काय? हनुमान काढला तं तुमी बोलान नाही, पन मनात ठेवान. दर्गा काढला तं बाकीचे बोलतीन. विहीर काढा म्हनान तं ती कोनाच्या वावरात हाय हे तुमाले माईत हाय.’’

मी चिंचेचं झाड सुचवलं. बसथांब्याजवळ होतं, रस्ता रुंद करताना गेलं. ताई म्हणाल्या, ‘‘जे नाही ते काढलं तं भांडन होनार नाही, हे खरं.’’ विषय मासिक सभेत ठेवते म्हणाल्या.

सभेत तो झाला नाही, त्या महिन्यात पाण्याच्या टाकीचा विषय निघाला होता. नवा शिक्का मात्र तालुक्याहून करून आला. काना आपल्या जागी आहे, नाव स्वच्छ लागतं. मधली जागा कोरी ठेवली आहे. ग्रामसेवक मॅडम म्हणाल्या, नव्या शिक्क्याला शाई जरा जास्त लागते.