लग्नांतले पाहुणे आणि ऐकीव कथा

लग्नसराई सरली तरी लग्नांतल्या पाहुण्यांच्या कथा सरत नाहींत. कोणी मानपानावरून रुसून बसला, कोणी भर पंगतींत वाढप्यावर ओरडला, कोणी आमंत्रण एकाचें असतां सात माणसें घेऊन आला. असे प्रकार घडतात, हें कोणताहि यजमान सांगेल. आमचें म्हणणें त्यांविषयीं नसून, अनोळखी माणसांच्या तोंडून येणाऱ्या रसभरित कथांविषयीं आहे.

मासल्यादाखल एक कथा घ्यावी. एक गृहस्थ पंगतींतून उठतांना उपरण्यांत जिलब्या बांधून घेतो. पुढें मंगलाष्टकांच्या वेळीं अक्षता टाकण्यासाठीं हात वर करतांच त्या जिलब्या भटजींच्या पुढ्यांत घरंगळतात! ही कथा आम्हीं आजवर तीन वेळां ऐकिली. आगगाडींत ती सांगलीच्या लग्नांतली होती, एका मुंजींत ती नाशिकची झाली, आणि गेल्या वर्षीं एका आप्ताच्या भ्रमणध्वनीवर ती नागपुरास जाऊन पोंचली. गृहस्थाचें आडनांव मात्र दर वेळीं निराळें! ऐकणारे पोट धरून हंसले; पण आपल्याकडे अक्षता पडल्यावांचून लग्नाच्या जेवणाची पंगत बसत नाहीं, मग हा गृहस्थ कोणत्या पंगतींतून उठला, हें कोणींच विचारलें नाहीं.

न्यायशास्त्रानें प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानिलीं आहेत. त्यांपैकीं शब्द हा आप्ताचा असेल तरच प्रमाण. येथें आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्यानें वस्तु स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. गौतमाच्या न्यायसूत्रांवरील भाष्यांत वात्स्यायनानें हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेंच लाविलें आहे. म्हणजे अनोळखी माणूसहि आप्त असूं शकतो. आणि ऐकलेली गोष्ट पाहिलेली म्हणून सांगणारा सख्खा मामाहि आप्त ठरत नाहीं.

एका जिलबीसाठीं एवढा काथ्याकूट कशाला, असें कोणी म्हणेल. पण कथेला आडनांव चिकटतें. ज्या घराचें नांव घेतलें जातें त्या घरांत एखादी उपवर मुलगी असते, आणि "तेच ना ते जिलबीवाले?" एवढ्या एका वाक्यानें चालत आलेलें स्थळ परत जाऊं शकतें. हंसणारा दुसऱ्या दिवशीं विसरतो. त्या घरास मात्र विसरतां येत नाहीं.

म्हणून अशी कथा कानीं आली कीं दोन प्रश्न विचारावेत. आपण हें स्वतः पाहिलेंत काय? आणि ज्यांचें नांव घेतां त्यांना कधीं विचारलेंत काय? दोहोंचें उत्तर "नाहीं" असेल, तर कथा खुशाल ऐकावी, हंसावेंहि. पण नांव पुढें नेऊं नये. आणि एखाद्या पाहुण्याची फजिती खरोखरच आपल्या डोळ्यांदेखत झाली, तर ती आपल्या मांडवांतच ठेवावी. तो चुकला असला तरी आपल्याच बोलावण्यावरून आला होता.