कागदावरची जत्रा

बांधून झालेल्या वास्तूचा इतिहास लिहिणे सोपे असते. तिला कोनशिला असते, उद्घाटनाची तारीख असते, छायाचित्रे असतात. न बांधलेल्या वास्तूचे तसे नसते. तिच्या वाट्याला एक संकल्पचित्र येते, एक घोषणा येते आणि पुढे काही वर्षे वर्तमानपत्रांतले चौकोन. करमणुकीची उद्याने, म्हणजे ज्यांना आपण सरसकट थीम पार्क म्हणतो, त्यांच्या बाबतीत अशी न झालेली दालने आणि न फिरलेले पाळणे फार आहेत. ते का झाले नाहीत, आणि न होताही त्यांनी मागे काय ठेवले, हे या लेखात पाहायचे आहे.

आधी जत्रा आणि थीम पार्क यांतला फरक पाहू. जत्रेतला आकाशपाळणा ट्रकमधून येतो, गावाच्या मोकळ्या रानात उभा राहतो, चार-आठ दिवसांनी सुटा होऊन पुढच्या गावी जातो. आमच्या यवतला तुकाराम महाराजांची पालखी मुक्कामी असते तेव्हा हजारो वारकऱ्यांसाठी गाव पिठलं-भाकरी रांधते. एका रात्रीसाठी केवढी व्यवस्था उभी राहते, आणि सकाळी शेत पुन्हा शेत होते. थीम पार्कला असे उठून जाता येत नाही. त्याला शेकडो एकर जमीन कायमची लागते, रस्ता, वीज, पाणी लागते. सगळा पैसा आधी ओतावा लागतो आणि तो तिकिटा-तिकिटाने परत येतो. त्यातही पावसाळ्यात गर्दी ओसरते, आणि आलेला माणूस पुन्हा यावा म्हणून दर काही वर्षांनी नवे आकर्षण उभारावे लागते. खोपोलीजवळचे ‘इमॅजिका’ २०१३ साली सुरू झाले, चालले, गाजले. तरी कर्जाच्या ओझ्याने २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. जे बांधले गेले त्याची ही गत, तर न बांधलेल्यांची संख्या मोठी असावी यात नवल नाही.

अमेरिकेतले आरेखक या उद्योगातल्या पहिल्या टप्प्याला ‘निळे आकाश’ म्हणतात. त्या टप्प्यात खर्चाचा विचार करायचा नसतो. वॉल्ट डिस्नेने फ्लोरिडात ‘एपकॉट’ नावाचे २० हजार वस्तीचे भविष्यातले शहर कल्पिले होते. १९६६ मध्ये तो वारला, आणि १९८२ मध्ये त्या नावाने उघडले ते शहर नव्हे, एक उद्यान. आपल्याकडे मात्र निळ्या आकाशाचे चित्र थेट जाहीर होते, आणि चित्राखालच्या जमिनीवर माणसे आधीपासून राहत असतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सिंधुदुर्गातले. १९९७ साली हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पुढे मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणी येथे ‘सी-वर्ल्ड’ उभारायचे ठरले. समुद्री जीवसृष्टीचे भव्य दर्शन घडवणारे ते उद्यान होते, आणि त्यासाठी सुमारे १३९० एकर जमीन लागणार असे सांगितले गेले. ग्रामस्थांनी विरोध केला. कोकणातला सडा नकाशावर ओसाड दिसतो. पण तिथे गुरे चरतात, काजू-आंबा होतो, आणि सड्यात मुरलेल्या पाण्यावर खालच्या विहिरी तग धरतात. पावसाळा सरल्यावर ओलिताखाली घेतलेल्या भाताला तिकडे वायंगण म्हणतात. ते वायंगणीच्या नावातच ऐकू येते. मग क्षेत्र ३५० एकरांपर्यंत खाली आणण्याची भाषा झाली. इथे एक साधा प्रश्न उरतो: जे ३५० एकरांत बसू शकत होते, त्यासाठी आधी १३९० एकर का मागितले? माशांना तेवढी जागा लागत नाही. अविश्वास या फरकातून वाढला. प्रकल्प झाला नाही. आता त्याच किनाऱ्यावर, निवतीजवळ, नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका समुद्रतळाशी ठेवून पर्यटन वाढवण्याची योजना पुढे आली. तिला कोणाचा सातबारा लागत नाही, हा फरक लहान नाही.

मुंबईत अडचण निराळी. महालक्ष्मी रेसकोर्सच्या जमिनीचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, तेव्हा महापालिकेत सत्तेवर असलेल्या शिवसेनेने तिथे थीम पार्कचा प्रस्ताव मांडला. त्यावर वाद झाला. दाटीच्या शहरातली मोकळी जागा तिकिटाच्या फाटकाआड जाणार का, हा प्रश्न होता. शर्यतींचा क्लब आणि राजकीय विरोधकही होतेच. ते उद्यान झाले नाही. अकरा वर्षांनी, २०२४ मध्ये, २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेकडे सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर क्लबकडे, असा तोडगा निघाला. थीम पार्क न होण्याने जागा वाचली, असेही म्हणता येईल.

पुण्याच्या शिवसृष्टीची गोष्ट आणखी वेगळी. कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर महापालिकेची शिवसृष्टी होणार होती. तीच जागा मेट्रोला हवी होती. २०१८ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत शिवसृष्टी चांदणी चौकाजवळ, जैवविविधता उद्यानासाठी राखलेल्या ५० एकरांत हलवायचे ठरले, आणि कोथरूडला मेट्रो आली. त्याच शहरात आंबेगावला बाबासाहेब पुरंदरे यांची शिवसृष्टी न्यासाच्या बळावर, देणग्यांतून, टप्प्याटप्प्याने उभी राहत होती. तिचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. पुरंदरे त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले होते. एका शहरात, एकाच विषयावर, एक योजना जागा बदलत राहिली आणि दुसरी वीट-वीट पुढे सरकली.

इतिहासाचे उद्यान करताना आणखी एक पेच येतो. १९९३ मध्ये डिस्ने कंपनीने व्हर्जिनियात, मॅनॅसस या यादवी युद्धाच्या रणभूमीजवळ, ‘डिस्नेज अमेरिका’ जाहीर केले. गुलामगिरीचा अनुभव पाळण्यांच्या शेजारी कसा दाखवणार, आणि खऱ्या रणभूमीच्या अंगणात खोटी का उभारायची, असे प्रश्न इतिहासकारांनी विचारले. वर्षाच्या आत, सप्टेंबर १९९४ मध्ये, कंपनीने योजना मागे घेतली. यातली ‘मागे घेतली’ ही क्रिया महत्त्वाची आहे. नकार मिळाला, तो जाहीर झाला, आणि लोक आपापल्या कामाला लागले.

आपल्याकडे योजना सहसा मागे घेतली जात नाही. ती मंदावते, प्रलंबित राहते, निवडणुकीत पुन्हा डोके वर काढते. कायद्याला हा रोग ठाऊक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार विकास आराखड्यात आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. म्हणजे आरक्षणाला मुदत आहे. घोषणेला मात्र कोणतीही मुदत नाही.

ही मुदत नसणे कोणाला भोवते, हे आमच्या भागात कळते. भुलेश्वरच्या डोंगरापलीकडे पुरंदर तालुक्यात सात गावांच्या जमिनीवर २०१६ मध्ये विमानतळ जाहीर झाला. तो थीम पार्क नव्हे, पण घोषणेखाली जगण्याची रीत तीच. विहीर खणावी की नाही, अंजिराची बाग नव्याने लावावी की नाही, वाटणी आता करावी की नंतर, मुलीच्या लग्नासाठी तुकडा विकला तर भाव कोणता धरावा, हे सगळे निर्णय कुठल्यातरी कागदाकडे बघत थांबतात. दलाल मात्र थांबत नाहीत.

म्हणून न झालेल्या उद्यानांची एक नोंदवही शासनाने ठेवावी असे मला वाटते: कधी जाहीर झाले, किती जमीन मागितली, का थांबले, आणि कोणत्या तारखेला सोडून दिले. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. स्वप्न पाहण्याला हरकत नाही. जत्रेचा मालकही पुढच्या गावाचे स्वप्न पाहतोच. पण तो निघताना खुंट्या उपटून नेतो, आणि रान ज्याचे त्याला मोकळे करून देतो.