अडीचची वायर

थळच्या एका हळदीत बेंजो ऐन रंगात असताना कीबोर्ड मुका झाला. वाजवणाऱ्याने बटण दाबून तो पुन्हा चालू केला, आणि पुढच्या मोठ्या ठोक्याला तो पुन्हा गेला. नाचणाऱ्यांना पत्ताच नव्हता. टेम्पोमागून पन्नाशीचा एक माणूस वाकत वाकत आला. वाद्याकडे त्याने पाहिलंही नाही; जमिनीवरचा एक्स्टेंशन बोर्ड चाचपला आणि ‘गरम झालाय’ एवढंच म्हणाला. या माणसाचं, दादांचं, काम बघायचं म्हणून मी पुढे वरसोलीला त्याच्या पडवीत जाऊन बसले.

तुळशीचं लग्न लागलं की अलिबाग-मुरूड पट्ट्यात हळदींचा हंगाम सुरू होतो, आणि हळद म्हटली की बेंजो आलाच. वाद्य मूळचं जपानी. नागोयात 1912 साली ताइशोगोतो निघालं, त्याच्या कळांची कल्पना टाइपरायटरवरून घेतलेली. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं आणि कोळीवाड्यात बेंजो. आता त्याच्या जोडीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड, मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि कर्णे असतात. या सगळ्यांचं पोट एका जनरेटरवर.

पडवीत शिरलं की डागकामाच्या राळेचा धूर थेट घशात उतरतो. अंगणात सुकट वाळत असते, पण त्या धुरापुढे तिचाही वास फिका. हंगामाआधी दादा जुन्या वायरींची टोकं सोलून बघतात. खाऱ्या वाऱ्याने तांबं हिरवं पडलेलं असतं. हिरवं संपून लाल तांबं लागेपर्यंत वायर कापायची, टोकाला शिशाचा हात द्यायचा, मग थिंबल दाबून बसवायचं. काळ्या टेपने गुंडाळलेला जोड त्यांना दिसला की ते आधी तो उपटतात.

‘मेन वायर अडीचची पायजे. लोक दीडची घालतात नि मग कीबोर्डला शिव्या देतात.’ अडीच म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर तांबं. मोठ्या ठोक्याला ॲम्प्लिफायर एकदम करंट ओढतो. बारीक, लांब वायरीत व्होल्टेज पडतो, आणि त्याच वायरीच्या शेवटी कीबोर्ड असेल तर तो बंद पडतो. दादांचं स्पष्टीकरण सोपं: नळाच्या लाइनीवर पहिल्या घराने मोटर लावली की शेवटच्या घरी करंगळीएवढी धार. म्हणून ॲम्प्लिफायरची लाइन जनरेटरपासून वेगळी, वाद्यांची वेगळी. बोर्डात बोर्ड खुपसायचा नाही. आणि दोन्ही लाइनी अडीचच्याच.

माझं लक्ष मात्र पुन्हा पुन्हा जात होतं ते नेलपॉलिशच्या बाटलीकडे. रोलँडच्या ऑक्टोपॅडच्या ॲडॉप्टरला पिनच्या आत मायनस असतो, यामाहाच्या कीबोर्डला आत प्लस. अंधारात, घाईत अदलाबदल झाली तर वाद्याच्या जिवाशी खेळ. दादा एका पिनच्या मानेवर आणि तिच्या वाद्यावर लाल ठिपका देतात, फुंकर मारतात, मग दुसऱ्या जोडीला हात लावतात. मॉड्यूलर सिंथेसायझरच्या युरोरॅक पेटीतही हीच काळजी घ्यावी लागते. तिथे मॉड्यूलना अधिक 12 आणि उणे 12 व्होल्ट चपट्या पट्टीवायरीने मिळतात. पट्टीची लाल कड उणे 12च्या बाजूला ठेवायची. उलटी लागली तर मॉड्यूल जळू शकतं. पेटी लाखाची असो की बोर्ड टेम्पोतला, वाद्य वाचतं ते लाल खुणेने.

उरते ती घुं. ॲम्प्लिफायरचा अर्थ, म्हणजे अर्थिंगची वायर, एका वाटेने, मिक्सरचा भलत्याच वाटेने गेला की मधल्या सिग्नल वायरीसकट अर्थचं वेटोळं तयार होतं आणि कर्ण्यातून 50 हर्ट्झची घुं येते. दादा सगळे अर्थ जनरेटरपाशी एका जागी आणतात आणि वायरी शेजारी-शेजारी बांधून नेतात. याला वेळ लागतो. म्हणून काही जण सरळ थ्री-पिनची अर्थची पिनच कापतात. घुं जाते, पण ॲम्प्लिफायरच्या पत्र्यात कधी करंट उतरला तर तो माइक धरलेल्या हाताला बसतो. ‘असल्या टेम्पोला मी हात लावत नाय,’ दादा म्हणाले. तेवढंच वाक्य ते मोठ्याने बोलले.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब आडवे झाले आणि गावं अंधारात गेली. त्या दिवसांत शेजाऱ्यांचे मोबाइल आपल्या याच बोर्डांवर चार्ज झाल्याचं दादांनी सांगितलं. तेही मी विचारलं म्हणून.

बेंजो पार्टीच्या बॅनरवर बेंजोमास्तरचं नाव असतं, गायकाचं असतं, टेम्पोवाल्याचाही नंबर असतो. वायरमनचं नाव मला एकाही बॅनरवर दिसलं नाही, आणि ते मला खटकतं. रंगलेली हळद जितकी वाजवणाऱ्याच्या बोटांची, तितकीच या माणसाच्या पक्कडीची. पुढच्या वेळी सुपारी देताना कर्णे किती, हे विचाराच. पण वायर अडीचची आहे ना आणि अर्थ जोडलेला आहे ना, हे त्याआधी विचारा.