कोरड्या त्वचेचे अर्थकारण

पाण्यावाचून जीवन अशक्य, तरी पाणी स्वस्त. हिऱ्यावाचून कोणाचे काही अडत नाही, तरी हिरा महाग. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये मांडलेला हा विरोधाभास अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे. तथापि पाणीच हिऱ्याच्या भावाने विकता येईल, ही कल्पना स्मिथच्या मनाला शिवली नसावी. ती आज प्रत्यक्षात आली आहे. थंडीचे दिवस आले, ओठ फुटू लागले आणि गालांवर पांढुरकी झाक दिसू लागली, की मोठ्या शहरांतील सौंदर्यचिकित्सालये ‘त्वचेला आतून पाणी’ देणाऱ्या इंजेक्शनांची जाहिरात करू लागतात. हा उपचार आता केवळ चित्रतारकांपुरता उरलेला नाही. नोकरदार तरुण-तरुणींनाही ‘पॅकेज’ आणि सुलभ हप्ते यांच्या आधारे तो आवाक्यात असल्याचे भासवले जाते. म्हणूनच त्याचा विचार केवळ हौसेचा प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही.

या इंजेक्शनांतील मुख्य द्रव्य म्हणजे हायलुरॉनिक ॲसिड. कार्ल मेयर आणि जॉन पामर या संशोधकांनी १९३४ मध्ये ते गाईच्या डोळ्यातील पारदर्शक द्रवातून वेगळे केले. मानवी शरीरातही ते निसर्गतः असते आणि त्यातील सुमारे निम्मा साठा एकट्या त्वचेत असतो. पाणी धरून ठेवण्याचा त्याचा गुण विलक्षण आहे. एके काळी ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत. आता बहुतांशी जिवाणूंच्या साहाय्याने, आंबवण्याच्या प्रक्रियेने तयार करतात. बारीक सुईने ते चेहऱ्यावर अनेक ठिकाणी टोचले जाते. त्वचेत टोचलेले हे द्रव्य शरीर हळूहळू मोडून टाकते. त्यामुळे महिन्या-महिन्याच्या अंतराने दोन-तीन बैठका आणि काही महिन्यांनी पुनश्च तोच क्रम, असे त्याचे स्वरूप असते. ग्राहकाला जो एकदाचा खर्च वाटतो, ते वस्तुतः चिकित्सालयाला बांधून दिलेले वर्षासन असते.

मूळ प्रश्न मात्र निराळाच आहे. हिवाळ्यातील कोरडेपणा उद्भवतो कोठे? त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांइतकाच जाड असतो. विटांमध्ये चुना भरावा, तशी त्याच्या मृत पेशींमध्ये स्निग्ध द्रव्ये भरलेली असतात. हवा कोरडी झाली आणि कढत पाण्याने व साबणाने ही स्निग्धता धुऊन निघाली, की भिंतीला भेगा पडतात आणि आतील ओलावा उडून जातो. इंजेक्शनातील द्रव्य या थराच्या खाली, अंतस्त्वचेत सोडले जाते. गळक्या हौदाच्या भेगा न बुजवता त्यात पाणी ओतत राहण्यासारखाच हा प्रकार होय.

याचा अर्थ हा उपचार सर्वस्वी फसवा आहे, असा नव्हे. त्वचेचा पोत आणि लवचिकपणा त्याने काही काळ सुधारतो, असे अनुभवास आले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये अशा एका इंजेक्शनाला मान्यताही दिली. परंतु ती मान्यता एकवीस वर्षांवरील व्यक्तींच्या गालांचा गुळगुळीतपणा वाढवण्यापुरती आहे. हिवाळ्यातील कोरड्या त्वचेवरील औषध म्हणून नव्हे. जाहिरातीत हा भेद पुसला जातो, आणि ग्राहकाची दिशाभूल नेमकी तेथेच होते.

बाजाराचे नियम येथे लंगडे पडतात. वैद्यकीय सेवेच्या बाजारात विक्रेत्याला जे ज्ञान असते ते ग्राहकाला नसते, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते. काही सेवांचा उपयोग झाला की नाही, हे त्या घेतल्यानंतरही ग्राहकाला ठरवता येत नाही, असे पुढे १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी मांडले. प्रस्तुत उपचार याच वर्गातला. मार्गशीर्षात सुरू केलेल्या बैठका फाल्गुनाच्या सुमारास संपतात. तोवर थंडी ओसरलेली असते आणि त्वचा आपोआपच मऊ होऊ लागते. श्रेय मात्र सुईला मिळते.

सुईचे धोकेही आहेत. सूज आणि काळे-निळे डाग ही नित्याची बाब. पण क्वचित द्रव्य रक्तवाहिनीत शिरून त्वचेचा भाग मृत होतो किंवा दृष्टीही जाऊ शकते. ब्रिटनमध्ये सर ब्रूस किओ यांच्या समितीने २०१३ मध्ये सौंदर्योपचारांच्या इंजेक्शनांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या ग्राहकाला बॉलपेन किंवा टूथब्रश विकत घेणाऱ्याइतकेच संरक्षण असल्याचे तिला आढळले. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील मुलांना सौंदर्यासाठी अशी भरावाची इंजेक्शने देण्यास कायद्याने बंदी आली, आणि २०२२ च्या कायद्याने परवाना पद्धत आणण्याचा अधिकार शासनाला मिळाला. धोक्याचा इशारा आणि कायदा यांच्यात आठ-नऊ वर्षे गेली, ही गोष्ट आपल्याकडील धोरणकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तोपर्यंत ग्राहकाने स्वतःच सावध राहणे इष्ट. सुई टोचणारी व्यक्ती वैद्यक परिषदेकडे नोंदलेली डॉक्टर आहे काय, द्रव्याचे पाकीट समोर उघडून त्यावरील बॅच क्रमांक लिहून दिला जातो काय आणि वर्षाकाठी एकूण खर्च किती, हे तीन प्रश्न त्याने निःसंकोच विचारावेत. त्याआधी कोमट पाण्याने स्नान, साबणाचा कमी वापर आणि अंग ओलसर असतानाच लावलेले खोबरेल, ग्लिसरीन किंवा व्हॅसलीन एवढे करून पाहावे. व्हॅसलीनचे पेटंट १८७२ चे; दिवाळीतील अभ्यंगाची प्रथा त्याहून कितीतरी जुनी. भेगा बुजवण्याचे काम हे साधे उपाय अल्प खर्चात करतात. त्यानेही कोरडेपणा हटला नाही, तर थायरॉइड किंवा मधुमेहासारखे कारण त्यामागे नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. पगारातील पैसा आधी त्या तपासणीवर खर्च व्हावा. इंजेक्शनांचा विचार त्यानंतर.