राजधान्या पाठ आहेत, तरी उत्तर का चुकतं?

प्रश्नमंजूषेची तयारी म्हणजे राज्यं आणि राजधान्यांच्या जोड्या घोकणं, असं बहुतेकांना वाटतं. यादी अर्धवट आठवली की मदतीला एक गैरसमज धावून येतो: राज्यातलं सर्वांत मोठं शहर तीच राजधानी. मुंबई, चेन्नई, बेंगळुरू यांच्याकडे पाहिलं तर तो खराही वाटतो. पण गुजरातची राजधानी अहमदाबाद नव्हे, गांधीनगर आहे. इंदूर भोपाळपेक्षा मोठं आहे. आपल्या शेजारच्या गोव्यातही पणजी हे सर्वांत मोठं शहर नाही. राजधानी ठरते ती सरकारी निर्णयाने, आणि त्या निर्णयाला इतिहास असतो. शिलाँग पूर्वी आसामची राजधानी होती. 1972 मध्ये मेघालय स्वतंत्र राज्य झालं, शिलाँग त्याच्याकडे गेलं आणि आसामला आपला कारभार गुवाहाटीतल्या दिसपूरला हलवावा लागला. एवढं समजलं की दोन्ही राजधान्या एकदमच लक्षात राहतात.

उच्च न्यायालय राजधानीतच असणार, हाही असाच सापळा. केरळचं कोचीत आहे, ओडिशाचं कटकला, छत्तीसगडचं बिलासपूरला, मध्य प्रदेशचं जबलपूरला. यातलं शेवटचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं वाटावं, कारण 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. विदर्भ मुंबई राज्यात आला, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली आणि उच्च न्यायालय जबलपूरला. नागपूरचं राजधानीपद संपलं. मात्र 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन अजून तिथे भरतं.

यावर कुणी म्हणेल, बझर दाबायला क्षणभर मिळतो, तिथे इतिहास कोण आठवणार? खरं आहे, पाठांतर लागतंच. पण सरळ जोड्या सगळ्यांनाच येतात, म्हणून प्रश्न काढणारा अपवादांकडे वळतो. कारणं शिकायची ती या मोजक्या अपवादांची. शिवाय पाठ केलेली यादी शिळी होते, आणि ती शिळी झाल्याचं घोकणाऱ्याला कळतही नाही. हैदराबाद 2 जून 2024 पर्यंत तेलंगण आणि आंध्र प्रदेश या दोन्ही राज्यांची राजधानी होतं. आता ते फक्त तेलंगणचं आहे. दोन राज्यांची राजधानी आज एकच, चंदीगड, आणि ते स्वतः केंद्रशासित प्रदेश आहे. तेव्हा जुनं पुस्तक हाती घेतलंत तर आधी राज्यांची संख्या पाहा. 29 छापलेली असेल, तर ती यादी ऑक्टोबर 2019 च्या आधीची आहे. आज राज्यं 28 आहेत.