हौशी खेळाडूच्या पदकाची किंमत

ऐरोली, प्रतिनिधी : ऐरोली-घणसोली परिसरात सातारा जिल्ह्यातून आलेली माथाडी कामगारांची अनेक कुटुंबे आहेत. त्याच जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावाने स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा मल्ल दिला. त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांच्या काळात ऑलिंपिक केवळ हौशी खेळाडूंसाठी होते. खेळावर पैसा कमावणाऱ्यास तेथे प्रवेश नव्हता. पाश्चात्त्य देशांतही हाच दंडक होता. स्कॉटलंडकडून रग्बीचे आंतरराष्ट्रीय सामने खेळून १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावण्याचे सुवर्ण जिंकणारे एरिक लिडेल पुढे धर्मप्रसारक म्हणून चीनला गेले. रग्बी युनियनने खेळाडूंना मानधनाची मुभा दिली ती थेट १९९५ मध्ये. मात्र, खेळाडू मानधन घेत नसला तरी खर्च कुणाला तरी सोसावाच लागतो. खाशाबांच्या बाबतीत तो समाजाने सोसला.

१५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेल्या खाशाबांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी साह्य केले. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्ती नवखी होती. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पुन्हा पैशांची चणचण भासली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक पटकावले. शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. गुरूंचे घर सोडवण्यासाठी त्यांनी पुढे कुस्त्यांची मैदाने घेतली.

जल्लोष ओसरल्यावर प्रश्न उरला तो चरितार्थाचा. १९५५ मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढील ऑलिंपिक हुकले. निवृत्तीनंतर थोड्याच काळात, १९८४ मध्ये, अपघाताने त्यांचा अंत झाला.

भारताला पुढचे वैयक्तिक पदक लिअँडर पेसने १९९६ मध्ये, म्हणजे तब्बल ४४ वर्षांनी मिळवून दिले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लीतील कुस्तीच्या स्टेडियमला २०१० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिन आता राज्य क्रीडा दिन आहे. हा सन्मान रास्तच. पण तो पाहण्यास खाशाबा नव्हते. आजच्या होतकरू खेळाडूच्या पाठीशी वेळेवर उभे राहणे, हीच त्यांच्या पदकाची खरी कदर ठरेल.